खर्ज लागत नाही

माझ्या पत्नीला मी सांगितले होते की दोष यंत्रात नाही, तिच्या शरीरात आहे. प्रत्यक्षात तो माझ्या हातच्या जोडणीत होता. हे मला काही महिन्यांनी कळले, आणि कळल्यावरही मी गप्प राहिलो. जोडणीतली चूक एका दुपारची होती. गप्प राहणे मात्र मी रोज नव्याने केले. चहा घेताना केले, तिच्यासमोर बसून जेवताना केले, आणि तिने प्रेमाने विचारपूस केली तेव्हाही केले.

बुधवार पेठेत माझे ॲम्प्लिफायर दुरुस्तीचे आणि जुळणीचे लहानसे दुकान आहे. घर वारज्याला. पत्नी घरीच गाणे शिकवीत असे. चाळिशी ओलांडल्यावर तिचे ऐकणे कमी होऊ लागले आणि पन्नाशीच्या आत दोन्ही कान जवळजवळ गेले. श्रवणयंत्रामुळे दारावरची घंटा आणि समोरच्याचे बोलणे थोडेफार कळे, पण गाणे त्यातून आले की पत्र्यावर वाळू ओतल्यासारखे येते, असे ती म्हणे. शिकवण्या तिने एकेक करून बंद केल्या. रियाज मात्र सोडला नाही. सकाळी तंबोरा घेऊन ती त्याच्या दांडीला गाल आणि जबडा टेकवून बसे, आणि हाडातून जेवढा सूर आत येईल तेवढ्याच्या आधाराने गाई.

एरवी ती ओठ वाचू लागली होती. मी मुळात हळू बोलणारा, त्यात मिशी. "तुमचं निम्मं बोलणं मिशीत अडकतं," असे म्हणून तिने ती मला कातरायला लावली. तरीही घोटाळे होतच. प, ब, भ आणि म ही अक्षरे ओठांवर सारखीच दिसतात. एकदा मी तिला "पाठ टेकव" म्हणालो, तर ती गोंधळून म्हणाली, "माठ? माठ कुठे टेकवू? आणि कशाला?" त्यावर आम्ही दोघेही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो होतो. तिच्या बहिरेपणावर आम्हाला अजून हसता येत होते, असे ते दिवस होते.

मी तिच्यासाठी जे आसन केले त्याची कल्पना खरे तर तिचीच. एकदा पेठेतून घरी परतताना आमची बस सिग्नलला थांबली होती. इंजिन चालू होते. तिने एकाएकी माझा हात दाबला आणि स्वतःच्या आवाजाचा अंदाज नसल्याने साऱ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अहो, ही बस पांढरी एकच्या सुराजवळ आहे. जराशी उतरलीय."

"तुला ऐकू येतंय?"

"ऐकू कुठलं येतंय! खालून लागतंय. सीटमधून." मग हसत म्हणाली, "ड्रायव्हरला म्हणावं, जरा चढवून घ्या."

घरी पोचेपर्यंत माझ्या मनात आसन तयार झाले होते. एक रुंद लाकडी चौरंग, त्याला टेकायला पाठ, आणि लाकडाच्या आतल्या अंगाला शेकर. शेकर म्हणजे पडदा नसलेला स्पीकर. तो हवा हलवीत नाही, ज्या लाकडाला स्क्रूने आवळला त्या लाकडालाच हलवतो. चार लहान शेकर पाठीला आणि पायांखाली, वरच्या सुरांसाठी. एक मोठा आणि वजनदार शेकर बरोबर बैठकीखाली; तो तंबोऱ्याच्या शेवटच्या जाड तारेसाठी, खर्जासाठी. तंबोऱ्याच्या भोपळ्याला एक छोटा माइक चिकटवायचा. म्हणजे तिने तार छेडली की तो सूर खालून तिच्या अंगात चढेल.

त्यासाठी मी सहा चॅनलचा एक ॲम्प्लिफायर बोर्ड आणला आणि एका पेटीत घालून आसनात बसवला. चार चॅनल चार लहान शेकरना दिली. मोठा शेकर एकट्या चॅनलला झेपणारा नव्हता. तो जोडला की बोर्ड स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडे. म्हणून उरलेली दोन चॅनल समांतर जोडून त्यांची ताकद एकत्र करायची होती. या बोर्डवर प्रत्येक चॅनल मुळातच ब्रिज केलेले असते, म्हणजे त्याच्या दोन तारांपैकी एक ढकलते तेव्हा दुसरी ओढते. अशी दोन चॅनल शेजारी शेजारी बांधायची तर दोघांचे ढकलणे आणि दोघांचे ओढणे एकाच क्षणी व्हायला हवे. तसे झाले नाही तर एक जे देते ते दुसरे गिळून टाकते, आणि शेकरपर्यंत जवळजवळ काहीच पोचत नाही.

हे मला कोणी शिकवायला नको होते. दुकानात येणाऱ्या कितीतरी लोकांना मीच ते समजावून सांगितले आहे. पण तारा आवळायच्या स्क्रूची तोंडे ज्या क्रमाने येतात त्याची माझ्या बोटांना वर्षानुवर्षांची सवय होती: अधिक, उणे, अधिक, उणे. या बोर्डवर शेवटच्या चॅनलचा क्रम उलटा होता आणि तसा तो बारीक अक्षरांत छापलेलाही होता. माझा चष्मा कपाळावर होता. मी वाचले नाही. बोटांनी सवयीने तारा लावल्या. शिवाय दोन्ही चॅनलनी भार सारखा वाटून घ्यावा म्हणून, जुन्या पद्धतीप्रमाणे, प्रत्येक तारेत एकेक लहान रेझिस्टन्स घातला. तो घातला नसता तर बोर्ड पहिल्याच क्षणी लाल दिवा लावून बंद पडला असता आणि चूक तिथल्या तिथे उघडी झाली असती. मी घेतलेल्या काळजीनेच ती झाकली. दोन्ही चॅनल एकमेकांशी झुंजत राहिली, रेझिस्टन्स तापत राहिले, आणि बोर्ड निमूटपणे चालू राहिला.

ती पहिल्यांदा आसनावर बसली तेव्हा पाऊल टाकण्यापूर्वी तिने चौरंगाला नमस्कार केला. डोळे मिटले, तारा छेडल्या. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत उभा होतो. तिने चारी तारा पुन्हा पुन्हा छेडल्या. शेवटी मी तिच्या गुडघ्याला हात लावून विचारले, "काय?"

"पाठीला सुरेख येतंय. पंचम तर मणक्यात उभा राहतोय." तिने डोळे उघडले. "पण खर्ज लागत नाही."

मी मीटर लावला. बोर्डच्या तोंडाशी दोन्ही चॅनलवर सारखाच आकडा आला. आकडा सारखा असणे आणि दिशा सारखी असणे यांत फरक आहे, आणि दिशा या मीटरला कळत नाही. मग मी बैठकीच्या लाकडावर तळहात ठेवला. कंप होता.

"लागतोय की. हे बघ, माझ्या हाताला लागतोय."

"तो पाठीचा आहे. लाकडातून खाली उतरतोय. खर्ज नाही तो."

"अगं, मीटर दाखवतोय."

"मग मीटरला बसवा आसनावर."

पुढचे काही दिवस असेच गेले. मी तिला डोळे मिटायला सांगून एकेक चॅनल चालू-बंद करी, आणि ती सांगे: आता डावा खांदा, आता टाचा, आता कंबर. ती एकदाही चुकली नाही. खर्जाची पाळी आली की मात्र प्रत्येक वेळी मान हलवून "नाही" म्हणे. चार ठिकाणी जिचे अंग अचूक सांगत होते तिचे पाचव्या ठिकाणचे सांगणेही खरे असणार, हे कोणाच्याही लक्षात आले असते. एकदा ती असेही म्हणाली, "तुमची पेटी तापते किती! पापड भाजून घेऊ का?" मी म्हणालो, "उन्हाळा आहे."

लहान शेकर बंद ठेवून फक्त मोठा चालू करायचा आणि एकदा लाकडावर हात ठेवायचा, एवढेच करायचे होते. तिची परीक्षा घेताना मी तो चालू करीत होतो, पण तेव्हा माझा हात लाकडावर नसे, माझे डोळे तिच्या चेहऱ्यावर असत. तपासायचे यंत्र सोडून मी तिला तपासत होतो. असे का झाले याचा विचार मी पुढे पुष्कळ केला, आणि जे उत्तर हाती आले ते लिहिताना आजही लाज वाटते. आमच्या साऱ्या संसारात सुराच्या बाबतीत शेवटचा शब्द तिचा असे. मी आरती म्हटली तरी ती स्वयंपाकघरातून "खाली जाताय" म्हणे, आणि मी खाली जातच असे. माझा त्यावर राग नव्हता, असे मी समजत होतो. पण त्या दिवसांत आयुष्यात पहिल्यांदा सुराच्या प्रश्नावर माझ्याकडे पुरावा होता, आणि तिच्याकडे फक्त तिचे अंग होते.

'लागत नाही' या शब्दांचाही मी सोयीचा अर्थ घेतला. आमच्या दुकानात 'लागत नाही' म्हणजे कुठेतरी जोडणी चुकली आहे. गाणाऱ्यांत 'सूर लागत नाही' म्हणजे गाणाऱ्याला तो साधत नाही. ती साध्या मराठीत सांगत होती की मला स्पर्श होत नाही. मी आयुष्यभर दुकानात बसलेला माणूस. तिचे म्हणणे मी दुकानातल्या अर्थाने ऐकायला हवे होते. मी ते गाणाऱ्यांच्या अर्थाने ऐकले, कारण त्या अर्थात उणीव तिची होती.

एका संध्याकाळी मी तिच्यासमोर बसलो, तिचा हात हातात घेतला आणि म्हणालो, "यंत्र बरोबर आहे गं. तुझ्या अंगालाच आता तेवढं कळत नसेल. कानांसारखंच." अतिशय मृदूपणे म्हणालो. मी रागावून बोललो असतो तर ती भांडली असती, आणि भांडणात कदाचित सत्य बाहेर आले असते. माझ्या मृदूपणाशी तिला भांडता आले नाही. तिने नुसते माझ्या ओठांकडे पाहिले, आणि मग स्वतःच्या मांडीला चिमटा काढून पाहिला.

दुसऱ्या आठवड्यात ती आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेली आणि अंग बधिर होत चालले आहे म्हणून सांगून आली. त्यांनी जीवनसत्त्वाची इंजेक्शने दिली. मी उलट्या जोडलेल्या तारांसाठी तिने दंडावर सुया टोचून घेतल्या. प्रत्येक इंजेक्शननंतर ती आसनावर बसून पाही, आणि उठताना मला वाईट वाटू नये म्हणून म्हणे, "आज किंचित वाटलं हं." तसे वाटणे शक्यच नव्हते, हे आज मला माहीत आहे. तिच्या तोंडून सुराविषयी निघालेले ते पहिले खोटे, आणि ते माझ्यासाठी होते.

पावसाळ्याच्या सुरुवातीला तिने बसणे सोडले. तंबोरा गवसणीत घातला आणि कात्रजला राहणाऱ्या एका जुन्या विद्यार्थिनीला बोलावून देऊन टाकला. तिला निरोप देऊन आल्यावर म्हणाली, "घरात जागा झाली बाई." त्यानंतर मी तिला गाताना पाहिलेले नाही. भाजी निवडताना, केस विंचरताना ती नेहमी काहीतरी गुणगुणत असे, तेही थांबले. घर शांत झाले आहे हे मला ऐकू येत होते, तिला नव्हते.

त्यानंतर दोन महिन्यांनी एका छोट्या सभागृहाच्या कामासाठी मला बोर्डची निकड पडली आणि मी आसनातली पेटी काढून दुकानात नेली. भर दुपारी टेबलावर तोच बोर्ड, त्याच तारा, त्याच जोडीवर शेकरऐवजी एक मोठा स्पीकर. आवाज आला तो शेजारच्या खोलीतून यावा तसा, पातळ आणि दूरचा. मी मीटर बोर्डच्या तोंडाशी लावला: भरपूर. रेझिस्टन्सच्या पलीकडे, जिथे दोन्ही तारा एकत्र येतात तिथे लावला: जवळजवळ शून्य. आसनाच्या वेळी या दुसऱ्या जागी मी एकदाही मीटर लावला नव्हता. रेझिस्टन्सवरचे रंगीत पट्टे करपून काळे झाले होते. ते काढून तारा सरळ जोडल्या तर बोर्ड लाल दिवा लावून तत्क्षणी बंद पडला. मग मी चष्मा डोळ्यांवर घेतला, भिंग घेतले आणि जे सुरुवातीलाच वाचायला हवे होते ते वाचले. शेवटच्या दोन तारांची अदलाबदल करायला मला काहीच वेळ लागला नाही. स्पीकर असा घुमला की शेजारचा दुकानदार ओरडला, "अहो, गणपती यायचेत अजून!"

मी हसून त्याला हात केला. लोक समोर होते, गिऱ्हाईक होते. आवाज बंद केला आणि स्टुलावर बसून राहिलो.

सभागृहाला मी दुसरा बोर्ड दिला. हा घरी आणून, ती बाजारात गेलेली असताना, पुन्हा आसनात बसवला आणि स्वतः वर बसून फोनवरून खर्जाचा एक सूर सोडला. तो मांडीतून वर चढला, पोटात भरला, छातीपर्यंत आला. माझ्यासारख्या बेसूर माणसालाही कळला.

ती आल्यावर मी म्हणालो, "बोर्डमध्ये थोडा बदल केलाय. बसून बघतेस?"

"नको." तिने पिशवी ओट्यावर ठेवली. "यंत्राचा दोष नव्हताच ना. उगाच मला परत परीक्षेला बसवू नका."

त्या क्षणी एक वाक्य पुरे होते. मी "बरं" म्हणालो. त्या 'बरं'ला आता दोन वर्षे होतील. आसनावर घड्या केलेले कपडे ठेवले जाऊ लागले.

यंदाच्या हिवाळ्यात आमच्या खालच्या मजल्यावरच्या शेजारीणबाई एका सकाळी वर आल्या. त्यांचे सासरे पूर्वी लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवीत. त्यांचेही कान आता गेले आहेत. बाई पत्नीसमोर बसल्या आणि ओठ नीट दिसतील असे बोलू लागल्या. "ताई, दादांनी तुमच्यासाठी ते आसन केलं होतं ना, तसं आमच्या अब्बांना होईल का? दिवसभर टेबलावर बोटं नाचवत बसतात. क्लॅरिनेट दिली हातात तर पेटीत ठेवून देतात. म्हणतात, आता काय हवा भरू हिच्यात?"

मी स्वयंपाकघरातून चहाचा ट्रे घेऊन येत होतो.

"नको गं," पत्नी म्हणाली. "म्हाताऱ्या माणसाला उगाच आशा लावू नकोस. ह्यांनी यंत्र फार उत्तम केलं होतं. मेहनतीत कसर नव्हती. पण कान गेले की अंगही जातं मागोमाग. मला कुठे कळत होतं? मी आपली रोज ह्यांच्यावर चिडायची, खर्ज लागत नाही, खर्ज लागत नाही. आणि दोष माझाच." मग ती हसली. "बिचाऱ्यांनी एका शब्दाने बोल लावला नाही मला."

मी ट्रे ठेवला. तिची पाठ माझ्याकडे होती. मी म्हणालो, "दोष तिचा नव्हता. जोडणी मी चुकवली होती."

अर्थातच तिला ते कळले नाही. शेजारीणबाईंना कळले. त्यांचा चेहरा पाहून पत्नी वळली. "काय म्हणाले हे?"

बाईंनी लिहून दाखवण्यासाठी फोन उचलला. आमच्या घरी अवघड गोष्टी फोनवरच लिहून दाखवल्या जातात. मी त्यांना थांबवले. लिहिलेले वाचताना तिचे डोळे फोनवर राहिले असते, आणि मी पुन्हा एकदा तिच्या नजरेतून सुटलो असतो. खुर्ची ओढून मी तिच्यासमोर, गॅलरीतला उजेड तोंडावर येईल असा बसलो. बाई हळूच उठू लागल्या. मी म्हणालो, "बसा. अब्बांच्याही कामाचं आहे हे."

"ओरडू नका," पत्नी म्हणाली. "सावकाश बोला."

मी सावकाश सांगितले. शेवटचे चॅनल, उलटा क्रम, न वाचलेली अक्षरे, रेझिस्टन्स. मग तिने विचारले, "मी सुया घेत होते तेव्हा माहीत होतं?"

"नाही."

"तंबोरा दिला तेव्हा?"

"तेव्हाही नाही. नंतर कळलं. दोन महिन्यांनी." हे खरे होते, पण उच्चारताना ते मला स्वतःची बाजू मांडल्यासारखे वाटले, आणि मी थांबलो.

"मग सांगितलं का नाही?"

"तू बरोबर होतीस म्हणून. पहिल्या दिवसापासून बरोबर होतीस, आणि मला ते सोसलं नाही. तुझं अंग गेलं नव्हतं. तुझा तुझ्यावरचा विश्वास मी घालवला. आणि तो परत देता येत असताना मी गप्प बसलो." यानंतर मी आणखी तीन शब्द बोललो.

तिने माझ्या ओठांवरून नजर काढली नाही. डोळे भरले होते, तरी पाणी पुसले नाही. पुसले असते तर पुढचे वाचता आले नसते.

"शेवटचं कळलं नाही," ती म्हणाली.

माझ्या सवयीप्रमाणे ते तोंडातल्या तोंडात विरले होते. मी मान वर केली आणि एकेक अक्षर सुटे करून, खालच्या मजल्यावरही ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणालो, "मला क्षमा कर."